कामुनी म्हणे कामुनी

आमच्या ऑफिसातल्या स्टोअरकीपरने मला जंगली मिरचीच्या सात बिया दिल्या आणि त्या मी फेकून न देता पेरल्या. बस्स, माझी चूक एवढीच. पुढे जे घडलं त्याला माझे सासरे जबाबदार आहेत, असं मी तेव्हाही म्हणत होतो. (आजही म्हणतो, पण हळू आवाजात.)

जंगली मिरची म्हणजे वाटाण्याहून बारीक, पण एक फळ चार माणसांना रडवतं, असं स्टोअरकीपर म्हणाला. चार माणसांना रडवेल असं काही आजवर माझ्या ताब्यात आलेलं नव्हतं. (ऑफिसात मी आवक-जावक सांभाळतो. घरात तेवढंही नाही.) मी रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडली, कोपऱ्यावरच्या पडीक जागेतली माती आणून भरली आणि गॅलरीत बिया टाकल्या. सहाव्या दिवशी एक रोप वर आलं. ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

त्याच सुमारास सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना, ते चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "कामुनी आहे. तण. उपटून टाका."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला अर्धं जग दिसत नाही, त्याने माझ्या मिरचीला तण म्हणावं? मी बायकोला सांगितलं की तुझ्या बाबांना म्हणावं, आधी पट्टी सोडा. ती म्हणाली, मी पोस्टमन नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबलं आणि सासऱ्यांचा मुक्काम दोन महिन्यांनी वाढला. रोपही वाढलं, आणि त्याच मापाने माझा राग. फुलं आली तेव्हा त्यांनी मला बोलावून धडाच घेतला. मिरचीचं फूल पानाच्या बेचक्यात बसतं, इथे एका देठावर पाच-सहांचा घोस आहे. मधली ही पिवळी चोच पाहा, मागे वळलेल्या पाकळ्या पाहा. मग फळं धरली. जंगली मिरचीचं फळ आभाळाकडे तोंड करून उभं राहतं, तुमची खाली लोंबताहेत, असं ते म्हणाले. मी म्हणालो, वजनाने वाकली असतील. वाटाण्याएवढ्या फळाचं वजन किती, हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी बादलीवर निळ्या शाईतली चिठ्ठी होती. 'कामुनी. कच्ची फळे विषारी.' मी ती फाडली. परत लागली, परत फाडली. चौथ्यांदा त्यांनी वरून चिकटपट्टी मारली. ती सोडवताना माझं नख तुटलं आणि त्या दिवसापासून आमचं बोलणंच बंद झालं.

ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या डोळ्यावर पट्टी होती, त्या रविवारची गोष्ट. दुपारी जेवताना मी भाजी मिळमिळीत झाल्याचं बोलून गेलो. (भाजी बायकोने केली होती. हेही मी लक्षात घ्यायला हवं होतं.) सासरे अबोला मोडून म्हणाले, "मग तुमची मिरची चुरडा त्यात." आणि हसले.

त्या हसण्याने घात केला. मी ताडकन उठलो, गॅलरीतून पाच हिरवीगार फळं तोडून आणली आणि त्यांच्यासमोर उभा राहून कचाकचा चावली. चव हिरव्या बटाट्याच्या सालीसारखी, कडवट. तिखटपणाचा पत्ता नाही. मी गिळली, आणि मग तोंडाने सीऽ सीऽ करत पाणी मागितलं. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं, कारण संताप झाला की मला रडू येतं. हा माझा दोष त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला.

सासरे पांढरेफटक पडले. थुंका म्हणाले. मी म्हणालो, मिरची आहे, तोंड भाजलंय नुसतं. त्यांनी रोपाचा शेंडा मोडून रुमालात घेतला, माझी कॉलर धरली आणि एका डोळ्याने जिना उतरत मला दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात नेलं. मागून बायको, एका पायात तिची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल. पोहोचेपर्यंत माझ्या पोटात पिळे पडू लागले होते.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मिरची असेल तर दूध प्या आणि घरी जा. कामुनी असेल तर पोट रिकामं करावं लागेल, संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यावं लागेल. नक्की काय खाल्लंत?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी रुमाल मुठीत तसाच धरला होता. उघडला नाही. माझं उत्तर मलाच देऊ दिलं, आणि त्याचाही मला राग आला.

"अहो," बायको म्हणाली, "एकदाच विचारते. तिखट होतं का?"

एकोणीस वर्षांत मी तिला कुठल्याच प्रश्नाचं एका शब्दात उत्तर दिलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या तासाभराचं वर्णन करत नाही. (पोटात माझ्या अंदाजापेक्षा बरंच काही होतं.) बायकोने नंतर सांगितलं, की तेवढा वेळ बाबा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. आत आले ते भडकलेलेच, पण माझ्यावर नाही. चौतीस वर्षं पोरांना रानात नेलं, एकालाही भलतं तोंडात घालू दिलं नाही, आणि आज स्वतःच्या घरातल्या माणसाला मी हसून उचकवलं, असं स्वतःलाच बोलत राहिले. त्यावर बायकोने दोघांनाही ऐकवलं, की घरी गेल्यावर ती बादली मी टाकणार, आणि मध्ये जो येईल त्यालाही. आम्ही दोघांनीही मान डोलावली. दोन महिन्यांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मग सासरे स्टूल ओढून माझ्या कॉटजवळ बसले. जंगली मिरचीचं बी रुजायला महिना महिना लागतो, सहाव्या दिवशी उगवलेलं ते त्या पडीक मातीतलंच, असं त्यांनी समजावलं. कामुनी, मिरची, वांगं, बटाटा, टोमॅटो, तंबाखू, धोतरा, सगळी एकाच कुळातली भावंडं, म्हणून तर फूल आणि फळ पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. मी पडल्या पडल्या पहिल्यांदाच नीट ऐकलं. उठून जायचं त्राण नव्हतं हेही आहेच.

तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली. पेशंट तुमचा कोण, असं तिने सासऱ्यांना विचारलं.

"विद्यार्थी," ते म्हणाले.

नर्सने माझ्या टकलाकडे पाहिलं आणि विचारलं, कितवीतला?

"पाचवीतला," सासरे म्हणाले. "यंदाही तिथेच."