यंदाचा सर्वांत पोकळ रॉक

भूगावात बहिरूनानांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या निषाद देवगावकर यांनी, दरवर्षीप्रमाणे, डिसेंबरअखेर वर्षातल्या आवडत्या आणि नावडत्या रॉक अल्बमांची यादी जाहीर केली. ही यादी आजवर कुणी वाचल्याचा पुरावा उपलब्ध नाही. यंदा मात्र ती 'रॉकवेडे' या चार जणांच्या ग्रुपवर जायची ती चुकून 'भूगाव रहिवासी, प्लॉटधारक व हितचिंतक' या ग्रुपवर गेली. तिथं सगळे सगळं वाचतात. दुसरा उद्योग काय?

यादी मातृभाषेच्या अभिमानापोटी मराठीत होती. 'सर्वोत्तम हार्ड रॉक: कातळ. वरपासून खालपर्यंत सलग. कुठंही भेग नाही. कितीही हाणा, हलत नाही. पाच तारे.' आणि तळाला: 'सर्वांत वाईट: लेक व्ह्यू फेज टू. वरून झगमगाट, आत पोकळ. मधे नुसतं पाणी घातलंय. पायाच नाही. एक तारा, तोही कव्हरवरच्या चित्राला.'

आता 'लेक व्ह्यू फेज टू' हा चार आयटीवाल्या पोरांच्या बँडचा अल्बम. नाव त्यांनी गंमत म्हणून रस्त्यावरच्या होर्डिंगवरून उचललेलं. होर्डिंग दिग्विजय बिल्डरच्या स्कीमचं, जिथून टाकीवर चढलं की तळं दिसतं. आणि 'कातळ' हा दुसऱ्या एका बँडचा; पण भूगावात 'कातळ' म्हणजे, त्या बँडवाल्यांच्या बापालाही ठाऊक नसलेलं, बहिरूनानांचं डोंगराकडचं वावर, जिथं गवतसुद्धा उगवत नाही. रॉक म्हणजे काय हे भूगावात शेंबड्या पोरालाही कळतं. पाया खणताना आधी मुरूम लागतो, मग सॉफ्ट रॉक, मग हार्ड रॉक, आणि हार्ड रॉक लागला की पोकलेनवाला भाव वाढवतो. यात गाण्याबिण्याचा संबंध येतोच कुठं?

सकाळी दिग्विजय बूट न काढताच वर आला.

"सर, रात्रीत तीन बुकिंगं कॅन्सल झाली. तुम्ही नेमके कोण? जिऑलॉजीवाले?"

"नाही हो. मी टेस्टिंगमध्ये आहे."

दिग्विजय मटकन खुर्चीत बसला. "तरीच!"

"अहो, सॉफ्टवेअर टेस्टिंग!"

"सॉफ्ट असो नाहीतर हार्ड. टेस्टिंग ते टेस्टिंग. किती खोल गेला होता?"

"खोल कसला डोंबलाचा? हेडफोन लावून ऐकलं. तीनदा."

"म्हणजे मशीन लावून." दिग्विजयचा चेहरा पडला.

दारात उभे असलेले बहिरूनाना खूश होते. "आवो, डॉक्टर बी छातीला नळी लावून आयकतोच की. फाडून बगत न्हाई!" मग त्यांनी निषादचा हात धरला. "निषादराव, ह्या कातळापायी भावकीनं वाटणीत मला येड्यात काढलं. जलमभर हसली समदी. आन् आज पाच तारे! यादी तेवढी मागं घिऊ नका. घेतली, तर खोली बी मागं घेईन." नानांच्या लीलाबाईंनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, त्याच दिवशी वर मटकीची उसळ पाठवली.

दिग्विजयनं हात जोडले. "सर, जास्त नाही मागत. एकाचे दोन तारे करा."

"जमणार नाही. त्यांचा ड्रमर ठेका सोडतो."

"एवढंच ना? काढून टाकतो. लेबर काय, चौकात शंभर उभे असतात."

निषाद ऑफिसात दोन वर्षं पगारवाढ न मिळूनही 'थँक यू सर' म्हणणारा माणूस; पण ड्रमच्या बाबतीत त्याचा कणा ताठ होता. तो म्हणाला, "जीव गेला तरी यादी बदलणार नाही." दिग्विजय तडक तक्रार करायला गेला.

पुढल्या आठवड्यात तोवर कुणीही न ऐकलेल्या 'भूस्तर श्रवण नियंत्रण कक्षा'ची नोटीस आली. 'विषय: विनापरवाना खडक ऐकल्याबाबत. आपण राहत्या जागी हेवी मेटल या जड धातूचा साठा बाळगून तो अवेळी वाजवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर मेटल दोन प्रतींत सादर करावे.'

निषाद धावत गेला. कक्षातल्या रजनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, हे संगीत आहे हो!"

"संगीत सांस्कृतिक विभागात. रॉक आमच्याकडे."

"पण मी नुसतं ऐकतो!"

"मग परवाना घ्या ना. आजवर कुणी मागितलाच नाही, म्हणून पडून आहे."

त्यानं घेतला. आणि तिथंच घात झाला. परवानाधारक एकच म्हटल्यावर त्याच्या कानाशिवाय तालुक्यात प्लॉट विकेना. रविवारी जिन्यात रांग लागायची. रांगेतला गेणबा शेतकरी तर म्हणाला, "माज्या बी वावराला कान लावा की. लई गोड वाजतंय." निषाद बिचारा उन्हात ढेकळांवर आडवा पडून कान लावायचा. वर प्रत्येक जण पाचच तारे मागायचा. साडेचार म्हटलं की भांडणं.

भूगावचे भाव असे चढले, की कातळ दिग्विजयनंच घेतला आणि शेजारचं घरही घेतलं. शेजारचं घर म्हणजे नानांचं.

"नाना, यादी तर मी बदलली नाही. मग माझी खोली?"

"खोली कंची? घरच पाडायचं हाय की. तुमच्याच पायगुनानं झालं ह्ये समदं!" नानांनी त्याला पेढा भरवला. लीलाबाईंनी उसळीचा डबा तेवढा परत मागितला.

निषादनं पार सूस गावापर्यंत भाड्याच्या खोल्या पाहिल्या. त्याच्या कानामुळं भाडी त्याच्याच आवाक्याबाहेर गेली होती. परवडेल अशी जागा एकच उरली होती, आणि ती का परवडते हे त्याच्या यादीतच लिहिलेलं होतं. दिग्विजयनं जुनं काही मनात न ठेवता त्याला सॅम्पल फ्लॅट दाखवला आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणं लावलं. भिंती पोकळ असल्यामुळं बेस काय सुंदर घुमत होता! निषादचे डोळे मिटले. खरेदीखतावर सही झाली.

पावसाळ्यात हॉलमध्ये तळं झालं. टाकीवर चढायची गरज उरली नाही. त्यानं फ्लॅट विकायला काढला, आणि डिसेंबरअखेर यादी आली. या वेळी ती चुकून नव्हे, ठरवून, प्लॉटधारकांच्याच ग्रुपवर आली.

'फेरविचार: लेक व्ह्यू फेज टू. पहिल्यांदा पोकळ वाटतो, पण राहता राहता आवडू लागतो. हवेशीर. पाण्याची मुबलकता. ड्रमर अत्यंत भक्कम. पाच तारे.'

हसलात ना? हसा, हसा. पण लिफ्ट बंद, पार्किंगमध्ये डबकं, गच्चीला भेग, असं असताना गेल्या महिन्यात तुमच्या सोसायटीला नेटवर पाच तारे कुणी दिले हो? 'शांत, हवेशीर, भक्कम' हे शब्द कुणाचे? आम्ही वाचले, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून परवाच टोकन देऊन आलो.