‘येतो’ म्हणा, मग निघा

सौंसरच्या पोलीस ठाण्यातून एक वेळ माणूस लवकर सुटेल, पण आमच्या घरातून सुटणार नाही. पाहुणा उठला आणि त्याच्या तोंडून चुकून “बरं, जातो” असं निघालं, की माझे दीर नामदेव भाऊजी दारात आडवे उभे राहत. “बसा!” म्हणत. पाहुण्याला परत खाली बसावं लागे, तांब्यातलं घोटभर पाणी प्यावं लागे, आणि मग उठून “येतो” म्हटल्यावरच उंबरा ओलांडता येई. पाणी आणायला मी. दरवेळी मी. माझे गुडघे दुखत होते याची फिकीर कोणालाच नव्हती.

एकदा मला ताप भरला म्हणून डॉक्टर आले होते. सुई टोचली, पेटी उचलली आणि म्हणाले, “अच्छा माताजी, चलता हूँ.” झालं. भाऊजींनी त्यांच्या हातातली पेटीच काढून घेतली.

“आमच्या घरी चलता हूँ चालत नाई जी. बैठो.”

“अरे, बाहर मरीज बैठे हैं!”

“मंग लवकर बसा. लवकर बसले तं लवकर उठान.”

डॉक्टर बसले. मी अंगात ताप घेऊन पाणी आणायला उठले. त्यानंतर त्या डॉक्टरांनी आमच्या घरी पाय ठेवला नाही. औषध हवं असलं की आम्हालाच दवाखान्यात जावं लागे. लोक मला सांगत, “तुमचे दीर मोठे विद्वान आहेत.” मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे विद्वान कसा असतो ते मला ठाऊक नाही. पण भरल्या घरातून डॉक्टर पळवून लावणाऱ्याला आमच्या माहेरी वेगळा शब्द होता.

आमचा मोहगावच्या वाटेवर संत्र्याचा बगीचा. तोडा सुरू झाला की अंगणात संत्र्यांचे ढीग पडत, बाया वाळलं गवत घालून पेट्या भरत आणि दूरदूरचे ट्रक दाराशी लागत. भाऊजींना दिवाळीपेक्षा हे दिवस आवडत. संत्र्यांमुळे नव्हे, ड्रायव्हरांमुळे. ट्रक थांबला की ते क्लीनरच्या बाजूनं वर चढत आणि विचारत, “तुमच्याकडे घरून निघताना काय म्हणतात जी?”

मद्रासचा ड्रायव्हर म्हणाला, “पोयिट्टु वरेन.” म्हणजे काय? तर जाऊन येतो. भाऊजी टाळ्या वाजवत खाली उतरले. आंध्रातला म्हणाला, “वेळ्ळोस्तानु.” तेही जाऊन येतोच. कानडी माणसाचं तसंच. कलकत्त्याचा एक जण नुसतं “आशी” म्हणाला, म्हणजे सरळ येतोच. जाण्याचं नावच नाही. त्या दिवशी भाऊजींनी त्या बंगाल्याला पोटभर जेवू घातलं. भाकरी थापायला अर्थात मी. गुजराती व्यापारी तर जाणाऱ्यालाच “आवजो” म्हणतो, म्हणजे या बरं का. एक सरदारजी तेवढे “चंगा फेर” म्हणाले. त्यांच्याशी भाऊजींनी तासभर वाद घातला, की नुसतं ‘बरं मग’ म्हणून माणूस घराबाहेर पडूच कसा शकतो. सरदारजी हसत होते. माझी संत्री उन्हात मऊ पडत होती.

“भाऊजी, माल सडून राहिला!” मी ओरडले.

“वैनी, साऱ्या मुलखानं एकच गोष्ट ठरवली हाय. कोणालेच जातो म्हणवत नाई. समजून राहिलं का तुमाले?”

“मले एवढं समजून राहिलं, की दिल्लीले पोचेपर्यंत याचा रस होईन.”

मग शाळेत संस्कृतचे एक मास्तर बदलून आले. भाऊजी मोठ्या उत्साहानं त्यांच्याकडे गेले आणि तोंड पाडून परत आले. दोन दिवस जेवणात लक्ष नाही. मास्तरांनी सांगितलं होतं, की संस्कृतात ‘इ’ म्हणजे जाणं. त्याच्याआधी ‘आ’ लावला की येणं. आपलं ‘ये’ त्याच घरातलं.

“म्हणजे येणं जाण्यातून निघालं? असं कसं होईन वैनी?”

“त्यात काय? गेल्याबिगर कोणी येते का? जो गेलाच नाई, तो येईन कुठून?”

भाऊजी पानावरून उठून गेले. वरण तसंच राहिलं. अन्न टाकणाऱ्या माणसाची मला चीड येते.

पण खरा कहर केला तो सदाशिव पाटलांच्या घरी. पाटील वारले होते. आम्ही भेटायला गेलो. आता सुतकाच्या घरून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अशा कामासाठी पुन्हा यायची पाळी नको, म्हणून माणूस मुकाट्यानं उठतो आणि वळून न बघता चालू लागतो. आमच्या भाऊजींनाही ते कळत होतं. तरी एक म्हातारा मुकाट्यानं उठला, तर हे दारात आडवे! “काका, असे न बोलता चालले? येतो म्हणा!”

पाटलांची म्हातारी आई कोपऱ्यातून कडाडली, “कोणाच्या मयतीले येता बे अजून? माह्या का नातवाच्या?”

मी भाऊजींच्या दंडाला धरून त्यांना भर रस्त्यानं घरी आणलं. साठीच्या माणसाला असं आणताना लाज मला वाटायला हवी होती, पण रागापुढे लाजेला जागा नव्हती. अंगणात आल्यावर मी तोंड सोडलं.

“साऱ्या दुनियेले परत बोलावून राहिले तुमी. मद्रासी, बंगाली, मेलेले, जिते. अन् पोटची पोरगी कुठं हाय?”

पोरीचं सगळ्या सौंसरला माहीत होतं, फक्त आमच्या घरात कोणी बोलत नसे. त्यांची मंदा, आईविना मी वाढवलेली, तिनं परासियाच्या कोळसा खाणीतल्या एका हिंदी बोलणाऱ्या फिटरशी आपल्या मनानं लग्न केलं. नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तर बापानं उंबऱ्याच्या आतून एकच शब्द टाकला: “जा.” ती गेली. लोकांना दारात अडवायचं हे वेड त्यानंतरचं. त्याआधी भाऊजी चारचौघांसारखे शहाणे होते. लोकांना वाटे, हा शब्दांचा शौक आहे. शौक कसला! स्वतःच्या हातानं घातलेला घाव दुसऱ्यांच्या तोंडानं भरून काढायची ती सोय होती, आणि पाणी मी आणत होते.

दुसऱ्या दिवशी मी बस स्टँडवर गेले. नागपूरहून छिंदवाड्यावरून परासियाला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला, की मंदाला म्हणावं, मोठी आई बोलावते. भाऊजींना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांनी ठेवलं काय होतं?

आठवड्याभरात मंदा आली, कडेवर लेकरू घेऊन. लेकरानं आजोबा कधी पाहिले नव्हते. भाऊजी मागच्या अंगणात पेट्यांपाशी बसले, ते उठलेच नाहीत. गवत रचत राहिले. मंदा माझ्याजवळ जेवली, बोलली, सारखी मागच्या दाराकडे बघत होती. गाडीची वेळ झाली तशी ती उठली, मागच्या दारात गेली आणि मोठ्यानं म्हणाली, “बाबा, जातो मी.”

पेट्या भरणाऱ्या बायांचे हात थांबले. ही याच घरात वाढलेली पोर. तिला निघतानाचा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. त्यातून बापाचं खूळ परासियापर्यंत पोचलं होतं. मुद्दाम म्हणाली. बापानं तिलाही दारात अडवावं, बस म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मी तर पाण्याचा तांब्या भरायलाही वळले.

भाऊजींनी मान वर केली नाही.

मंदा थोडा वेळ थांबली. मग पिशवी घेतली, लेकरू उचललं आणि पुढच्या दारानं निघून गेली.

मी भरलेला तांब्या भाऊजींच्या समोर आपटला. “दातखीळ बसली का? बस म्हणायले काय झालं होतं?”

“वैनी, जा मीच म्हटलं होतं तिले. आता कोणत्या तोंडानं बस म्हणू?”

“ह्याच तोंडानं! ह्याच तोंडानं डॉक्टरले बसवलं, सरदारले अडवलं, पाटलाच्या सुतकात बडबड केली. पोरीच्या पाळीलेच तोंड झिजलं का तुमचं?”

ते उठले आणि तसेच अनवाणी रस्त्याला लागले. मी मागून निघाले. मला वाटलं, आता हे चार लोकांत तिला गाडीतून उतरवतील आणि तमाशा होईल. मी स्टँडवर पोचले तेव्हा गाडी सुरू झालेली. भाऊजी आत चढले होते. मंदाच्या शेजारी बसून त्यांनी लेकराकडे हात पुढे केले. लेकरू त्यांच्या मिशा बघून रडायला लागलं. मंदा खिडकीबाहेर बघत होती, पण सरकून तिनं बापाला जागा दिली होती. कंडक्टरनं शिटी मारली. खाली कोणीच उतरलं नाही.

मी धुळीत उभी राहून गाडीकडे पाहत होते आणि एवढंच मनात येत होतं, की दाराशी दिल्लीचा ट्रक उभा आहे आणि आता सगळं भरून मलाच द्यायचं आहे. दिलंही. ड्रायव्हर वेळेवर निघाला. आमच्या घरून वेळेवर निघालेला तो पहिलाच ट्रक असेल.

तिसऱ्या दिवशी तोच कंडक्टर दारात आला. “माताजी, बाबूजी ने चप्पल मँगवाई है.”

“काहून? परत यायले का पाय भाजते त्याहीचे?”

“आने की बात तो नहीं की. बोले, चप्पल दे देना.”

कोनाड्याखाली रोजच्या चपला होत्या, झिजलेल्या. त्या मी पाहिल्या आणि तिथंच राहू दिल्या, आल्यावर लागतील म्हणून. घरातल्या लोखंडी पेटीत दिवाळीसाठी घेतलेल्या नव्या होत्या, त्या कागदात बांधून दिल्या.