आखूड नको, लांब तार पाठव!

कर्जत तालुक्यातली सगळ्यात हुशार मुलगी कोण, असं हिरूला कुणीही विचारलं नव्हतं. पण लोकांनी विचारायची वाट बघत बसलं तर माणूस म्हातारं व्हायचं! म्हणून मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढून तिनं स्वतःच जाहीर करून टाकलं.

“ऐका! मी आणि ठमी मिळून टेलिफोन बनवणार! शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आमचा! आणि पहिला नंबर म्हणजे काय?”

“अलिबाऽऽग!” खालून ठमी ओरडली. ती हिरूची जिवलग मैत्रीण. तिचं मुख्य काम हिरूच्या वाक्याचा शेवट करणं.

अलिबागला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. दोन दिवस मुक्काम, एसटीचा प्रवास, आणि समोर समुद्र! नववीत आलेल्या हिरूनं आजवर समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता, तोही काळ्या-पांढऱ्या रंगात. त्यात बुडायचं सोडाच, त्याचा रंगसुद्धा ठाऊक नव्हता. तिची सगळ्यात लांबची सफर म्हणजे खोपोलीचा शिळफाटा.

“पोरींचा टेलिफोन!” वर्गातला गजा फिस्सकन हसला. “माझा ज्वालामुखी बघ आधी.”

“तुझ्या ज्वालामुखीतून लाव्हा कमी न् ढेकरा जास्त निघतात!” हिरू म्हणाली. गजा गेली तीन वर्षं तोच मातीचा डोंगर आणत होता. पोटात खायचा सोडा, वरून लिंबू. फुस्स!

हिरूची तयारी जय्यत होती. शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून तिनं टेलिफोनचे कानाला लावायचे दोन जुने रिसीव्हर आणले होते, म्हशीच्या शिंगांसारखे काळेभोर आणि तितकेच जड. बापाच्या बॅटरीतले चार सेल गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवले होते. सेलबद्दल हिरूचं मत एकदम ठाम होतं. सेल मरत नाही, तो दमतो. त्याला दोन दिवस उन्हात पडू द्यावं, की पुन्हा कामाला लागतो. (बापाचं मत वेगळं होतं, पण त्याला सेल गेल्याचं अजून कळलं नव्हतं.)

अडचण एकच. विज्ञानाचे सर. सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, ‘प्रदर्शनात शुद्ध मराठी. इंग्रजी शब्द आला की दोन गुण वजा!’ म्हणजे सेल म्हणायचं नाही, विद्युतघट म्हणायचं. टेलिफोन नाही, दूरध्वनी. वायर तर मुळीच नाही. तार!

हिरूनं हे इतकं मनावर घेतलं, की वाण्याच्या दुकानातही ती ऐटीत म्हणाली, “धाऊशेठ, विद्युतघट आहेत का?”

“घट?” धाऊशेठ तराजू खाली ठेवून म्हणाला, “पोरी, नवरात्र संपून म्हैना झाला!”

राहता राहिली वायर. म्हणजे तार! ती मुंबईला मिळणार, आणि मुंबईला होता भिवाजीमामा. हिरूनं आईच्या नकळत मामाला कार्ड टाकलं. भावाला उगाच त्रास दिलेला आईला खपायचा नाही. कार्डावर हिरूनं सरांना अभिमान वाटावा अशा शुद्ध मराठीत लिहिलं:

‘तीर्थरूप मामास साष्टांग नमस्कार. तार लगेच पाठव. तारेवाचून इथं सगळं अडलं आहे. शनिवारच्या आत आली पाहिजे. आखूड पाठवू नकोस, चांगली लांब पाठव. आईला काही सांगितलेलं नाही. हिरू.’

आता तुम्हीच सांगा, यात न समजण्यासारखं काय होतं?

तार आली की सगळ्यांना गूळ वाटीन, असं तिनं गावदेवीला कबूल केलं आणि गुळाचा खडा कागदात बांधून दप्तरातच ठेवला. बुधवार गेला. गुरुवार गेला. भूगोलाच्या वहीला मुंग्या लागल्या, पण तारेचा पत्ता नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर हिरू तोंड पाडून गावात शिरली, तर शेजारची जनीकाकी समोरून धावत आली.

“हिरू, घराकडं पळ गं! मुंबईची तार आलीया!”

“आली?” हिरूनं तिथंच उडी मारली. “आली! तार आली!”

जनीकाकीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण एवढ्या घाईत लोकांचे डोळे कोण बघतो! हिरूनं दप्तरातून गूळ काढला आणि जनीकाकीच्या तोंडातच कोंबला. पुढं पारावर म्हातारे पोशाबाबा बसले होते.

“पोशाबाबा, गूळ घ्या!”

“कसला गं?” पोशाबाबांनी गूळ तोंडात टाकला.

“मामाची तार आली!”

पोशाबाबांचा जबडा थांबला. “भिवाजीची? आगं, मंग गूळ कशापायी?”

“आठ दिवस वाट बघतेय! मला तर वाटलं, येतच नाही! आता बघा, उद्या सगळ्या शाळेसमोर लावून दाखवते!”

पोशाबाबांना गूळ गिळताही येईना न् थुंकताही येईना. हिरू तोवर पुढच्या तीन घरांत गूळ वाटून मोकळी झाली होती. तिच्यामागं गावभर एकच कुजबुज. “पोरीच्या डोक्यावर परिनाम झाला वं!”

घरी पोचली, तर अंगणात ही गर्दी! हिरूला वाटलं, माझी तार बघायलाच आले सगळे. एवढं कौतुक तिलाही जरा जास्तच वाटलं. पण आत आई भिंतीला टेकून ऊर बडवत होती, आणि शेजारी गोदूआत्या तिला धरून बसली होती. कुणाच्याही दुःखात आत्याचा सूर सगळ्यात वरचा लागायचा.

हिरू आईकडं धावली. “आई! तुटली का गं?”

“तुटली गंऽऽ!” आईनं टाहो फोडला. “कायमची तुटली!”

“आगं मग रडतेस काय? जोडू की! दोन्ही टोकं खरवडायची, पीळ द्यायचा, वरून चिकटपट्टी मारायची!”

आत्या डोळे वटारून बघायला लागली.

“पण लांब तरी आहे ना?” हिरूनं विचारलं.

“लई आखूड निघाली गंऽऽ, माज्या भावाच्या आयुष्याची दोरी!”

“दोरी? मी तार सांगितली होती! न् लांब सांगितली होती मामाला!”

फाडकन आवाज झाला. गोदूआत्याच्या हाताला कामाची सवय होती, त्यामुळे तो बरोबर गालावरच बसला.

“भवाने! मामा गेला तुजा, न् लांबी-रुंदी इचारतीस?”

“गेला? कुठं गेला?”

“वर गेला! तार आली!”

हिरूच्या हातातला उरलेला गूळ खाली पडला. मामा? परवा दिवाळीला तिला पाठीवर घेऊन अंगणभर पळणारा मामा? “कुठंय ती तार?”

आत्यानं वळचणीकडं बोट दाखवलं. मुंबईची तार म्हणजे मरणाचीच बातमी, म्हणून घरात तिला वाचणं सोडाच, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आत्यानं चुलीच्या चिमट्यानं उचलून ती पत्र्याखाली खोचून ठेवली होती. हिरूनं कागद काढला. इंग्रजी!

“वाच!” आत्या म्हणाली. “येकेक शबुद सांग.”

“ऑल. म्हणजे सगळे.”

“सगळे?” आई किंचाळली. “वैनी? पोरं?”

“वेल. वेल म्हणजे विहीर, किंवा मग…”

‘किंवा’च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही! “सगळेच्या सगळे हिरीत गेले वंऽऽ!” आत्यानं असा सूर लावला की गोठ्यातल्या म्हशीनं साथ दिली.

“आगं आत्या, मुंबईत विहीर कुठली! वेल म्हणजे बरे! सगळे बरे आहेत! पुढं ऐक, ‘व्हॉट लाँग टु राइट.’ म्हणजे… लांब काय लिहू?”

हिरू थांबली. लांब काय लिहू? लांब? लांऽऽब तार! तिच्या डोक्यात चार दमलेले सेल एकदम पेटले. कान तापले. पण तिच्या पुढचं बोलणं कोण ऐकणार? बाहेर नवाच गोंधळ उडाला होता.

फाटकातून एक माणूस घाईघाईनं आत आला. हातात पिशवी, अंगाला घाम. अंगणातली गर्दी आणि रडणं बघून त्याच्या हातातली पिशवीच गळाली. तो पारावरून उठून आलेल्या पोशाबाबांच्या शेजारी मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला. दोन मिनिटं पोटभर रडून झाल्यावर त्यानं नाक पुसत विचारलं, “पन पोशाबाबा, गेलं कोन?”

पोशाबाबांनी त्याच्याकडं नीट बघितलं. गालातला गूळ कसाबसा गिळला.

“तू,” ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. आई भावाच्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग त्यालाच बडवायला लागली. आत्यानं त्याला चिमटा काढून पाहिला. मामानं खिशातून हिरूचं कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

“आता मला सांगा, ‘तार लगेच पाठव, आईला सांगितलेलं नाही,’ असं वाचून मानसाची झोप राहील का? पाठवली तार! न् तरी जीव राहीना म्हनून आलो पळत!”

“मामा, मला ती तार नको होती,” हिरू पुटपुटली. “वायर हवी होती. शंभर फूट.”

“मग वायर म्हन की गं माजे आये!”

“या घरात परत त्या शब्दाचं नाव काढशील,” आई म्हणाली, “तर बघ! वायरच म्हनायचं! शपथ घे माजी!”

हिरूनं शपथ घेतली. आणि मग मात्र तिला खरंच रडू आलं. उद्या शनिवार, आणि हातात वायर नाही. अलिबाग गेलं. समुद्र काळा-पांढराच राहिला.

आईनं तिला थोडा वेळ रडू दिलं. मग पदर खोचून उठली, अंगणात गेली आणि या पेरूपासून त्या शेवग्यापर्यंत बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार सोडायला लागली.

“घे. ही चालंल का?”

“आई!”

“माजं लुगडं!” आत्या ओरडली. “वलं हाय ते! मी वाळवू कुटं?”

“उद्या सांजच्याला परत बांधू, वन्सं.”

“बांधाल म्हंजे काय! मी सोता येनार संगं. डोळ्यांम्होरं ठेवनार माजी तार!”

आणि ती खरंच आली. शनिवारी शाळेच्या मोठ्या वर्गात, दाराशी, मांडी ठोकून.

काय सांगू, टेलिफोन चालला! तारेचे दोन पदर एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये काड्या बांधल्या होत्या. तारेला अजून साबणाचा वास येत होता. पण पलीकडच्या वर्गातून ठमीचा आवाज आला तो असा खणखणीत, “हिरूऽऽ! गजाच्या ज्वालामुखीला मुंगळे लागलेऽऽ!” खालापूरहून आलेले परीक्षक रिसीव्हर कानाला लावून पोट धरून हसले.

“वा! छान! मग बाळ, हा आवाज कशातून आला?”

हिरूनं तोंड उघडलं. बाजूला सर लाल पेन घेऊन उभे होते. दाराशी आत्या. मागं आई, कालच्या रडण्यानं डोळे अजून सुजलेले. आणि घेतलेली शपथ.

“वायरीतून,” हिरू म्हणाली.

सरांचं पेन खस्सकन फिरलं. दोन गुण वजा! आणि दुसरा नंबर आला तो एका गुणानं. गजानं सोड्याला ‘क्षार’ म्हटलं होतं, आणि ज्वालामुखी तर जन्मापासूनच शुद्ध मराठी.

“किती वेळा सांगितलं होतं!” सर कळवळून ओरडले. “तार! तार म्हणायचं! तार!”

दाराशी पेंगुळलेली आत्या खाडकन जागी झाली. “आगं बाय माजे! आता कोन गेलं?”

“गजा गेला, आत्या,” हिरू हुंदका गिळत म्हणाली.

‘अलिबागला’ हा शब्द तिच्या अगदी ओठांवर होता. पण तोवर आत्यानं पहिला हंबरडा फोडला होता, आणि तिच्या शेजारीच गजाची आई उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.