राजाबाई आत्याची शिकवणी

बिभीषण सोलापुरातून दर रविवारी मैंदर्गीला जाऊ लागला, तेव्हा त्याच्या बायकोला, ऋतुजाला, बरं वाटलं. रिटायर झाल्यावर का होईना, नवऱ्याला गावी एकट्या राहणाऱ्या आत्याची आठवण झाली. बिभीषण मात्र आत्याला खोटी साक्ष शिकवायला जात होता. बांधावरच्या चिंचेवरून चुलतभाऊ मानसिंगशी त्याचा दावा चालू होता आणि चिंच कुणी लावली हे सांगणारं माणूस एकच उरलं होतं. राजाबाई आत्या.

चिंच माझ्या वडिलांनी लावली एवढंच म्हणायचं, असं तो बजावून सांगे. आत्या ‘व्हय की’ म्हणे आणि भलतंच काढी. त्याच्या वडिलांना लहानपणी बोकडानं कसं उकिरड्यात ढकललं, बिभीषण नि मानसिंग एका घोंगडीत कसे भांडत झोपत. हसून हसून शिकवणी बारगळे. निघताना ती धपाटी बांधून देई, आणि धडा राहिलाच हे त्याला एसटीत बसल्यावर आठवे.

कोर्टाच्या तारखेला आत्यानं शपथ घेतली. बिभीषणच्या वकिलानं विचारलं, चिंच कुणी लावली?

“कुनीबी न्हाय. आमी भावंडं तितं चिंचोक्यानं खेळायचो. हरले की मी रागानं फेकायचे. त्यातलाच एक उगवला.”

मानसिंगचा वकील खुशीत उठला. दुसरं काही बोलायला कुणी शिकवलं होतं का?

“बिभीषणनं की. दर ऐतवारी यायचा. लई मायेनं शिकवायचा.”

मानसिंग हसू दाबत होता.

“मानसिंग बुधवारी यायचा,” आत्या पुढं म्हणाली. “त्येला त्येच्या बापाचं नाव पायजे हुतं.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. शपथेवर खोटं बोलायला लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे, हे दोघांना शांतपणे समजावलं. जेवणाच्या सुट्टीआधीच दोघांनी दावा मिटवला.

बाहेरच्या बाकावर आत्याच्या दोन्ही बाजूंना दोघे मटकन बसले.

“आत्ये, आत घालत होतीस की आमाला,” मानसिंग म्हणाला.

“त्यांनी शपथ घातली, मी काय करू?” आत्यानं पिशवी जवळ ओढली. “दावा मिटला म्हंजे आता कुनी येनार न्हाय, व्हय?”

मग मानसिंगनं तिची पिशवी उचलली, बिभीषणनं हात धरला. मैंदर्गीची गाडी गाठायला तिघं एकाच रिक्षात बसली. वाटेत बिभीषणनं ऋतुजाला फोन करून सांगितलं, आज मुक्काम गावी आहे.