दुसरा ढीग

बालवाडीत पोरांकडून वांगी निवडून घेतात हे कळलं, तेव्हापासून नानाजींचं त्या बालवाडीवरचं मन उडालं. नालवाडीत त्यांचा स्वतःचा भाजीचा मळा. घरात वांग्यांचे ढीग, आणि नात गोपिका ती निवडायला समाजमंदिरातल्या बालवाडीत जाणार! तिथल्या बाई, कुंताबाई, घरोघरून आलेली भाजी पोरांपुढे ओतत, चांगली इकडे नि किडकी तिकडे करायला लावत, आणि मग खिचडी शिजवत.

"हे काय शिक्षन झालं? बापूरावचा नातू पाह्य, शहरातल्या बालमंदिरात जाते. गळ्यात टाय रायते त्याच्या," असं नानाजी रोज सुनेला ऐकवत. त्या टायनं त्यांची झोप उडवली होती.

शेवटी अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये त्यांनी गोपिकेला पावडर लावून सायकलच्या दांडीवर बसवलं. त्या बालमंदिरात रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मागे वांग्यांची टोपली बांधली. टोपली भरणं काय त्यांना आज शिकायचं होतं? जन्मभर बाजारासाठी भरली तशीच ती भरली गेली. वर चकचकीत माल, खाली आपला असातसा.

टोपली पाहून बालमंदिरातल्या मोठ्या बाई खूश झाल्या. "बाळ, तुला काय काय येतं ते दाखव बरं," त्या म्हणाल्या.

नानाजींनी तिच्याकडून एबीसीडी चांगली घोकून घेतली होती. पण गोपिकेनं आधी दाराशी विखुरलेल्या सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावल्या, हात धुवायला पाणी मागितलं आणि टोपली सरळ सतरंजीवर ओतली. नानाजी "अवं माय, राहू दे" म्हणेपर्यंत दोन ढीग तयार. किडक्यांचा मोठा होता.

"आबाजी, किडके सारे खाली काऊन ठेवले तुमी?" तिनं आजोबांना विचारलं.

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं नानाजींना झालं. त्यातच प्रवेशासाठी आलेल्या एका बाईंनी त्यांना बाजारातलं ओळखलं आणि काल भरतासाठी त्यांच्याकडून घेतलेल्या वांग्यांचा विषय काढला. बाकीचे आईबाप पदराआड, रुमालाआड हसू लागले.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. हे हिला कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. बालवाडीत, नानाजी पुटपुटले.

"आमच्याकडे दोन वर्षं बसलेली मुलंही असं करत नाहीत. घेतलं हिला. उद्यापासून पाठवा."

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते पदरात पडलं होतं. पण नानाजींच्या डोळ्यांपुढे आपल्या गावच्या बालवाडीची ती एक खोली आली आणि ऊर अभिमानानं भरून आला. अरे, सोनं घरात ठेवून आपण पितळ मागायला आलो की काय!

"नको जी," ते हात जोडून म्हणाले. "पोरगी जिथं शहानी झाली, तिथंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी एकेक वांगं उलटंपालटं करून त्यांनी टोपली भरली. वरपासून खालपर्यंत अस्सल माल. ती डोक्यावर घेऊन ते स्वतः बालवाडीत गेले आणि कौतुक ऐकायला दाराशीच उभे राहिले.

कुंताबाईंनी टोपली ओतली. पोरांनी वांगी निवडनिवड निवडली, पण ढीग एकच झाला. पोरं हिरमुसली.

"नानाजी, वांगे तं एक नंबर हायेत," कुंताबाई म्हणाल्या. "पन उद्या थोडे किडके आणजा. नाई तं या पोरायले शिकवू तरी काय?"