हातवाऱ्यांची मापं

बबनराव टेलरांनी माझं पहिलं माप घेतलं ते ब्लाउजचं नव्हे, 'नको' म्हणण्याचं. त्यांनी चहा विचारला, मी हात हलवला, तर म्हणाले, "बाई, हात तसाच ठेवा." अंगाला बोट न लावता त्यांनी टेप हवेत धरला आणि वहीत लिहिलं: 'नको. छातीपासून सात इंच पुढं, पंजा उभा, दोन हेलकावे.' घोटावड्याच्या शाळेत नुकतीच बदली होऊन आलेली मी. मनात म्हटलं, झालं, आता असल्या माणसाकडून कपडे शिवून घ्यायचे.

कारण नंतर कळलं. त्यांची थोरली बहीण आक्का जन्मापासून मुकी-बहिरी. भावाबहिणीने लहानपणापासून जमवलेल्या खुणा बबनरावांशिवाय गावात कोणालाच कळत नसत. त्या सगळ्या ते वहीत उतरवत होते, तेही शिंप्याला येते त्याच भाषेत. टाका म्हणजे हात एकदा टेकवणं, घडी म्हणजे बोट मुडपणं, धावदोरा म्हणजे हात लहरत नेणं. 'भूक: मूठ पोटावर, दोन टाके.' 'पाऊस: कपाळापासून छातीपर्यंत धावदोरा.' "अंदाज नको, माप पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकांना मात्र ना अंदाज मिळायचा ना कपडा. शिमग्याला टाकलेली बेलबॉटम आखाडात हाती यायची, तोवर पोरगं दोन बोटं उंच झालेलं असायचं.

अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशनही त्यांनी या वहीपायी दोन वर्षं लांबवलं. शेवटी डॉक्टर रागावले, तेव्हा शिकलेली बाई म्हणून वही आणि आक्का दोन्ही माझ्या पदरात घातल्या. त्याआधी तीन दिवस माझी परीक्षा.

"दीड इंच लिवलंय, तुमी पाच नेला. आक्का उपाशी मरंल."

"बबनराव, मी परीक्षा घेते, देत नाही," मी ठणकावलं. तरी त्यांनी मला नापास केलंच आणि पुण्याची एसटी धरली.

पहिल्या दिवशी मी गळ्यात टेप अडकवून 'जेवण झालं का' विचारलं, तर आक्का डोळ्यांत पाणी येईतो हसली आणि चापट मारून माझा हात जागेवर आणला. वही मात्र खरी निघाली. चूल, कोंबड्या, कमी तिखट, सगळं जमलं.

एकच खूण अडली. संध्याकाळी पुण्याची एसटी आली की आक्का पायरीवर बसायची, नाकाखाली दोन बोटं ओढायची आणि माझ्याकडे बघून भुवया उंचवायची. मी वही तीनदा चाळली. ती खूण कुठेच नव्हती. मी आपली अंदाजाने 'दवाखाना, बरं, येणार' एवढंच करत राहायची. ती मान हलवून पुन्हा तेच विचारायची. सहाव्या दिवशी तिने ताट बाजूला सरकवलं. सातव्या दिवशीही सरकवलं, तेव्हा मात्र मी घाबरले. हिला काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू?

आठव्या दिवशी पोट धरून बबनराव एसटीतून उतरले आणि माझा जीव भांड्यात पडला. आक्का उठून तीच खूण करत सुटली.

"ही खूण वहीत का नाही?" मी त्यांना टेकूसुद्धा दिलं नाही.

"ती व्हय? ते माझं नाव हाय. ल्हानपणी नाक लई गळायचं माझं."

"मग लिहिलं का नाही?"

बबनराव खाली बघत म्हणाले, "आपरेशनातनं उठतोय का न्हाई, काय भरवसा? मी गेल्यावर तिला बाकी समदं लागंल. माझं नाव कशाला लागतंय, म्हटलं."

मला राग आला आणि भरूनही आलं. "आठ दिवस रोज संध्याकाळी तिने तेवढंच विचारलंय," मी म्हणाले. "दोन दिवस जेवलीही नाही."

बबनराव पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. आक्काने पदराच्या टोकाने त्यांचं नाक पुसलं आणि ताटं घ्यायला आत गेली.