वरच्या खणातली ऊब

"यंत्र आजारी पडलं की मी नुसता दाराशी उभा राहतो. कुठं दुखतंय ते यंत्रच मला सांगतं!" असं उर्मोनजोन उस्ता चारचौघांत नेहमी म्हणायचा. मर्गिलानच्या रेशीम गिरणीत विजेची सगळी दुरुस्ती त्याच्याकडे, म्हणून तो उस्ता, म्हणजे उस्ताद. मिशी भरघोस, खिशाला टेस्टर आणि चालण्यात असा रुबाब, की फर्गाना खोऱ्यातली वीज जणू त्याच्याच परवानगीनं वाहते!

अशा माणसाच्या गळ्यात त्याच्या बायकोनं गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला एक कापडी पुरचुंडी अडकवली. आत रेशमाच्या किड्यांची अंडी, खसखशीहून बारीक. सतरा वसंत ओयनिसानं ती स्वतःच्या छातीशी धरून, अंगच्या उबेनं उबवली होती. त्या वर्षी बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला कोकंदला जावं लागलं.

"अहो, आंघोळीपुरतीसुद्धा लांब ठेवायची नाही बरं का! दहाव्या-अकराव्या दिवशी फुटतील, मी नवव्या दिवशी दुपारी येते. आपलं वर्षाचं रेशीम आहे त्यात. सतरा वर्षांत मी एक पुरचुंडी वाया घालवलेली नाही!"

"अगं, अख्खी गिरणी सांभाळणारा माणूस मी. मूठभर खसखस नाही सांभाळणार?"

पहिल्या दिवशी पुरचुंडीनं गुदगुल्या केल्या. दुसऱ्या दिवशी उस्ता मोटारीवर वाकला आणि पुरचुंडी फिरत्या पट्ट्यात जाता जाता वाचली. तिसऱ्या दिवशी उस्ताच्या डोक्यात दिवा लागला. रेशीम उकलायच्या मोठ्या यंत्राचं कंट्रोल पॅनल! त्याचा वरचा खण रात्रंदिवस कोमट असायचा, खालीच ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असायचा ना! "ऊब ती ऊब! छातीची काय आणि ट्रान्सफॉर्मरची काय!" त्यानं पुरचुंडी आतल्या खिळ्याला टांगली, ऊब नीट शिरावी म्हणून गाठ जरा सैल केली, दार लावलं आणि मोकळ्या छातीनं समोसे खायला गेला.

नववा दिवस उजाडला. तुतीच्या फांद्यांवर चिमणीच्या जिभेएवढी पानं फुटली होती. ओढ्याकडून गार वारा येत होता. गिरणीत सूत उकलणाऱ्या बाया गरम पाण्यात कोष सोडून बसल्या. यंत्र सुरू झालं, चार वेढे फिरलं आणि थांबलं! पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. पॅनलमधून नुसती करकर ऐकू येऊ लागली, थंडीत दात वाजावेत तशी!

डायरेक्टर यिगिताली धावत आले. "उस्ता! कोष पाण्यात शिजतायत! तासाभरात रेशमाचं सूप होईल!"

उस्ता दाराशी उभा राहिला. यंत्र काही बोललं नाही.

"काल वीज कडाडली होती," तो म्हणाला. "तिचाच झटका आहे." त्यानं खालच्या खणातला फ्यूज बदलला. यंत्र सहा वेढे फिरलं आणि थांबलं!

"मग मोटार!" मोटार उघडली. तिच्या पोटात काहीच नव्हतं. पण मिटताना एक स्क्रू उरला, तो उस्तानं हळूच खिशात टाकला.

"मग हा थांबवायचा खटका! सबोहत ओपा, तुमचं कोपर लागत असणार."

सबोहत ओपा त्या खात्यातली सगळ्यांत जुनी कामगार. सगळ्या जणी तिला मोठ्या बहिणीच्या मानानं ओपा म्हणत. "तीस वर्षं हे कोपर इथंच आहे, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा तुला मिशी नव्हती!"

मग उस्तानं शेजारच्या भट्टीवाल्याच्या पंख्याला दोष दिला, मग मागच्या वायरिंगमधल्या उंदराला. उंदीर सापडला नाही. तेवढ्यात पॅनलच्या वरच्या भागातून जळका वास आला.

"वरचा खण उघडा!" डायरेक्टर म्हणाले.

उस्ता झटकन पॅनलला पाठ लावून उभा राहिला. वरच्या खणात पुरचुंडी होती! ती दिसली तर अख्ख्या गिरणीला कळणार, आणि दुपारपर्यंत ओयनिसाला!

"वरचं सगळं ठणठणीत आहे, साहेब. कालच बघितलं."

"वास वरूनच येतोय!"

"वास वर चढतोच ना, साहेब!"

सबोहत ओपानं एप्रनला हात पुसले. "उस्ता, भट्टीवाल्यापासून उंदरापर्यंत सगळे तपासून झाले. हे एकच दार तुला उघडवत नाही. आत कोण आहे? दुसरी बायको?"

खातंभर हशा पिकला. उस्तानं मुख्य खटका बंद केला, देवाचं नाव घेतलं आणि दार उघडलं.

पुरचुंडी रिकामी होती! वेळेआधीच अंडी फुटली होती. केसांच्या बारीक कातरणीसारख्या शेकडो काळ्या अळ्या तारांवरून, रिलेवरून भुकेनं वळवळत, पान शोधत हिंडत होत्या. मोटारीला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या दोन जबड्यांमध्ये पाच-सहा जणी चिरडून बसल्या होत्या. जबडा मिटणार कसा? करकर करून करून त्याला ओढणारी कॉइल काळीठिक्कर पडली होती.

उस्ता मटकन खाली बसला. "ओपा, वर्षाचं रेशीम..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मिशीसुद्धा खाली आली होती.

यिगितालींनी फुंकर मारायला गाल फुगवले तशी सबोहत ओपा कडाडली, "खबरदार! लेकरं आहेत ती! जा गं, तुतीचा कोवळा पाला आणा! आणि हंसाचं पीस!"

चाळणीत पानं आली. त्यांचा वास लागताच तारा सोडून, स्क्रू ओलांडून काळी पिल्लं पानावर चढू लागली. अडून बसलेल्यांना ओपानं पिसानं अलगद उचललं, जणू झोपलेल्या बाळाच्या गालावरचा केस बाजूला करावा. हात चालू होते, तसा गळाही सुटला:

"पोलादाच्या गं पोटी, पाळणा हलला,
उस्ता बाळंत झाला, कळेना कुणाला!"

बाया हसून हसून लोळल्या. उस्तानं कॉइल बदलली, जबडे पुसले आणि खटका ओढला. यंत्र असं सुरळीत फिरू लागलं, की जणू काही घडलंच नव्हतं!

बरोबर त्याच वेळी हातात रोट्यांचं गाठोडं घेऊन ओयनिसा थेट गिरणीच्या दारात उभी. चाळणीत पानांवर कुरुकुरु खाणारी पिल्लं बघून तिचे डोळे भरून आले.

"दोन दिवस आधीच फुटली? अहो, छातीशीच धरली होती ना?"

डायरेक्टर छताकडे बघू लागले.

"पोरी," सबोहत ओपा गंभीरपणे म्हणाली, "उस्ताचा जीव जिथं असतो ना, अगदी तिथंच ठेवली होती त्यानं!"

ओयनिसा लाजली. आणि संध्याकाळपर्यंत तिनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं, की आमच्या ह्यांच्या छातीची ऊबच काही और!

या एप्रिलला वरच्या खणाला कुलूप आहे, किल्ली यिगितालींच्या खिशात. आणि उस्ताच्या गळ्यात अकरा पुरचुंड्या, एक घरची, दहा शेजारणींच्या! यंत्र आजारी पडलं, की उस्ता आता खरोखरच नुसता दाराशी उभा राहतो.

वाकता कुठं येतंय!